एका नावाचे दोघे: फंक्शनमधलं व्हेरिएबल आणि टेबलमधला कॉलम

गृहनिर्माण सोसायटीचा हिशेब ठेवणारं एक छोटं सॉफ्टवेअर आहे असं समजा. ४८ सदनिका, ४८ सभासद. समितीने ठरवलं की सदनिका क्रमांक ३०२ ची थकबाकी माफ करायची. त्यासाठी डेटाबेसमध्ये ‘थकबाकी_माफ’ नावाचं फंक्शन लिहिलेलं आहे. त्याला ३०२ हा आकडा द्यायचा, पुढचं काम ते करतं. त्याच्या आतली मुख्य ओळ अशी:

अपडेट सभासद सेट थकबाकी = ० व्हेअर सदनिका_क्र = सदनिका_क्र;

वाचताना काही खटकत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात डावीकडचं सदनिका_क्र म्हणजे टेबलमधला रकाना आणि उजवीकडचं म्हणजे बाहेरून आलेला ३०२. पण ओरॅकल किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हे चालवलं, तर ४८ च्या ४८ सभासदांची थकबाकी शून्य होते. एरर नाही, इशारा नाही, काम यशस्वी झाल्याचा संदेश मात्र येतो.

डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रकार कधी ना कधी भेटतो. ‘कॉलम रेफरन्स इज ॲम्बिग्युअस’ (म्हणजे कॉलमचं नाव संदिग्ध आहे) हा पोस्टग्रेसक्यूएल, थोडक्यात पोस्टग्रेस, या डेटाबेसचा संदेश पाहून नवखी मुलं तासन्‌तास अडकतात, तेही याच कारणाने. एकदा मूळ समजलं की यातलं काहीच गूढ राहत नाही.

(उदाहरणांतल्या आज्ञा सोयीसाठी देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात सिलेक्ट, अपडेट हे शब्द रोमन लिपीतच लागतात. टेबल आणि कॉलमची नावं मात्र पोस्टग्रेसमध्ये खरोखर देवनागरीत ठेवता येतात.)

ही नावं मुळात कुणाची?

टेबल म्हणजे माहितीचा तक्ता. त्यातला उभा रकाना म्हणजे कॉलम आणि आडवी ओळ म्हणजे एक नोंद. ‘सदनिका_क्र’ हा कॉलम टेबल बनवतानाच ठरतो आणि प्रत्येक नोंदीत त्याची किंमत वेगळी असते.

फंक्शन म्हणजे डेटाबेसच्या पोटातच साठवलेला छोटा प्रोग्रॅम. (फंक्शन आणि प्रोसिजर यांत फरक आहे, पण आजच्या विषयापुरता दोघांना नियम सारखाच.) फंक्शन चालू असेपर्यंत एखादी किंमत धरून ठेवणारं नाव म्हणजे व्हेरिएबल, आणि बाहेरून आत येणारी किंमत ज्या नावाने ओळखायची ते पॅरामीटर. पॅरामीटर हेही एक प्रकारचं व्हेरिएबलच. फंक्शन एकदा चालू झालं की त्याची किंमत आपण बदलेपर्यंत एकच राहते. इथे ती ३०२.

म्हणजे एक नाव टेबलच्या मालकीचं, दुसरं फंक्शनच्या. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी जाहीर झालेली असल्याने ती सारखी असायला कुणाचीच हरकत नसते. अडचण येते ती फंक्शनच्या आत क्वेरी, म्हणजे टेबलमधली माहिती वाचायची किंवा बदलायची आज्ञा, लिहिली की. त्या एका ओळीत दोन्ही जगं एकत्र येतात, आणि नुसतं ‘सदनिका_क्र’ लिहिलं तर ते कोणतं, हे डेटाबेसला ठरवावं लागतं.

लग्नाच्या मांडवात कुणी “वहिनी!” अशी हाक मारली तर असंच होतं. तिथे चार वहिनी असतात. एखाद्या घरात रिवाज असा, की जी सगळ्यात जवळ उभी आहे तिने वळून बघायचं. दुसऱ्या घरात थोरल्या वहिनींनीच ओ द्यायची. तिसऱ्या घरातली माणसं सरळ विचारतात, “कोणत्या वहिनी?” डेटाबेसही नेमके या तीन प्रकारांनी वागतात. हाक मारणाऱ्याच्या मनात कोण होतं, हे त्यांच्यापैकी एकालाही कळत नाही.

ओरॅकल: कॉलमचा मान पहिला

ओरॅकलमध्ये फंक्शनं ज्या भाषेत लिहितात त्या पीएल/एसक्यूएलमध्ये क्वेरीतलं नाव आधी टेबलच्या कॉलमांत शोधलं जातं. तिथे सापडलं नाही तरच व्हेरिएबलकडे वळायचं. म्हणून वरच्या ओळीत दोन्ही बाजूंना कॉलम बसतो. डेटाबेस पहिली नोंद घेतो: १०१ = १०१, खरं. दुसरी: १०२ = १०२, खरं. अशा सगळ्या नोंदी पात्र ठरतात. ज्या नोंदीत सदनिका क्रमांकच रिकामा आहे तेवढी सुटते, कारण रिकाम्या किंमतीची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ‘खरं’ येत नाही. पॅरामीटरमध्ये आलेल्या ३०२ ला तर कुणी हातही लावलेला नसतो.

ओरॅकल स्वतःच्या मार्गदर्शिकेत हा धोका नमुना डेटावर दाखवतं. कर्मचाऱ्यांच्या त्या टेबलमध्ये १०७ नोंदी आहेत आणि किंग आडनावाचे दोघे, स्टीव्हन आणि जॅनेट. आडनावाच्या कॉलमचंच नाव व्हेरिएबलला देऊन त्यात ‘किंग’ भरायचं आणि ‘आडनाव = आडनाव’ अशी अट घालून डिलीट चालवायचं. जायला हवेत दोन, जातात १०७.

या नियमामागे विचार आहे. क्वेरी ही फंक्शनच्या आतली खोली, आणि बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत आतल्या खोलीतलं नाव बाहेरच्यावर मात करतं. पण त्याची एक किंमत मोजावी लागते. समजा तुमच्या फंक्शनमध्ये ‘दंड’ नावाचं व्हेरिएबल आहे आणि सभासद टेबलमध्ये तसा कॉलम नाही. सगळं सुरळीत चाललंय. दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी टेबलला ‘दंड’ नावाचा कॉलम जोडला. फंक्शनच्या मजकुरात एक अक्षरही बदललं नाही, तरी त्या दिवसापासून क्वेरीतला ‘दंड’ म्हणजे तो नवा कॉलम. मला या सगळ्या विषयात सर्वांत घातक वाटते ती हीच गोष्ट, कारण कॉलम जोडणाऱ्याला ते फंक्शन अस्तित्वात आहे हेसुद्धा माहीत नसतं.

मायएसक्यूएल: उलटा नियम, तरी तेच नुकसान

मायएसक्यूएलमध्ये साठवलेल्या फंक्शनात व्हेरिएबलला प्राधान्य मिळतं. आपल्या ओळीत दोन्ही बाजूंना ३०२ बसतो. ३०२ = ३०२ हे प्रत्येक नोंदीला खरंच, म्हणून थकबाकी पुन्हा सगळ्यांची माफ. नियम बरोबर उलटा आणि परिणाम तोच, हे नवख्यांना पचायला जड जातं. पण एका गोष्टीची स्वतःशीच तुलना केली की ती कोणती गोष्ट, याने काही फरक पडत नाही.

फरक दिसतो तो वाचनाच्या क्वेरीत. ‘थकबाकी’ नावाचं व्हेरिएबल जाहीर केलं आणि ही ओळ लिहिली असं धरा (पी_सदनिका हा इथे पॅरामीटर):

सिलेक्ट थकबाकी इंटू थकबाकी फ्रॉम सभासद व्हेअर सदनिका_क्र = पी_सदनिका;

ओरॅकलमध्ये ही बरोबर चालते: कॉलममधली रक्कम उचलून व्हेरिएबलमध्ये येते. मायएसक्यूएलमध्ये सिलेक्टनंतरचा ‘थकबाकी’ शब्द हा व्हेरिएबलच समजला जातो, म्हणजे व्हेरिएबलची किंमत त्याच व्हेरिएबलमध्ये जाते. सुरुवातीला त्यात काहीच नव्हतं, म्हणून नंतरही काहीच नाही. टेबलमध्ये १८,००० रुपये बाकी दिसतेय आणि फंक्शन रिकामी किंमत परत करतंय, तेव्हा माणूस टेबल तपासतो, इंडेक्स तपासतो, परवानग्या तपासतो. नावाकडे लक्ष सगळ्यात शेवटी जातं. पोस्टग्रेसमध्ये हीच ओळ चालतच नाही, एरर येतो. एकाच ओळीची तीन ठिकाणी तीन फळं.

मायएसक्यूएलच्या नियमाच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. नवा ‘दंड’ कॉलम जोडल्यावर जुनं फंक्शन तिथे बिघडत नाही, कारण त्यातलं व्हेरिएबल व्हेरिएबलच राहतं.

एसक्यूएल सर्व्हर: नावालाच खूण

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये हा प्रश्न जवळपास नाहीच. तिथे प्रत्येक व्हेरिएबलच्या नावाआधी @ लावावंच लागतं, त्यामुळे ‘सदनिका_क्र = @सदनिका_क्र’ वाचणाऱ्यालाही स्वच्छ कळतं. घाईत @ राहून गेलं तर मात्र पुन्हा कॉलमची स्वतःशीच तुलना होते आणि डेटाबेस तक्रार करत नाही. (मायएसक्यूएलमध्येही @ ची व्हेरिएबलं असतात, पण ती जोडणी चालू असेपर्यंत जगणारी वेगळी जात. फंक्शनच्या आत जाहीर केलेल्यांना ती खूण नसते.)

पोस्टग्रेस आधी गप्प होता, मग बोलू लागला

पोस्टग्रेसच्या पीएल/पीजीएसक्यूएल भाषेत ८.४ आवृत्तीपर्यंत व्हेरिएबलचं नाव क्वेरीत जिथे जिथे दिसेल तिथे सरसकट ते व्हेरिएबल समजलं जाई, अगदी नवी नोंद घालणाऱ्या इन्सर्ट आज्ञेतल्या कॉलमांच्या यादीतसुद्धा. तिथे व्हेरिएबल बसूच शकत नाही, त्यामुळे भलतेच वाक्यरचनेचे एरर येत.

२०१० साली आलेल्या ९.० आवृत्तीने हे बदललं. जिथे फक्त कॉलमच असू शकतो, उदाहरणार्थ इन्सर्टची यादी किंवा अपडेटमध्ये ‘सेट’नंतरची डावी बाजू, तिथे आता गोंधळ होतच नाही. आणि जिथे दोन्ही अर्थ लागू शकतात तिथे पोस्टग्रेस थांबतो आणि सांगतो की हे नाव व्हेरिएबलचं असू शकतं किंवा टेबलच्या कॉलमचं. हा थांबा हीच खरी सुरक्षा आहे. सोसायटीचं फंक्शन तिथे ३०२ चीही थकबाकी माफ करणार नाही, पण बाकी ४७ जणांचा हिशेब तर शाबूत राहील.

मात्र दोन गोष्टींकडे लक्ष हवं. पहिली: हा थांबा फंक्शन तयार करताना येत नाही. तयार करताना वाक्यरचना तपासली जाते. नावांचा अर्थ लावला जातो तो ती ओळ पहिल्यांदा चालते तेव्हा. म्हणून वर्षातून एकदा, मार्चअखेरीलाच चालणाऱ्या ‘इफ’च्या फांदीत दडलेला गोंधळ मार्चअखेरीलाच बाहेर येतो.

दुसरी: पोस्टग्रेसमध्ये फंक्शन नुसत्या एसक्यूएल भाषेतही (ज्या भाषेत क्वेरी लिहितात तिच्यात) लिहिता येतं, आणि तिथे पॅरामीटरला नावाने हाक मारायची सोय ९.२ पासून आहे. पण त्या भाषेत कॉलमलाच प्राधान्य असतं, आणि तेही गुपचूप. म्हणजे एखादं फंक्शन ‘साधंच तर आहे’ म्हणून पीएल/पीजीएसक्यूएलमधून एसक्यूएलमध्ये हलवलं, की आपला पहारेकरी असलेला एररच नाहीसा होतो.

“पण मी तर असं व्हेरिएबल जाहीरच केलं नव्हतं!”

पोस्टग्रेसवाल्यांची सर्वांत नेहमीची तक्रार ही. समजा ‘किमान’ या पॅरामीटरहून जास्त थकबाकी असलेल्यांची यादी देणारं फंक्शन हवंय. वर लिहिलं ‘रिटर्न्स टेबल’ आणि कंसात सदनिका_क्र, नाव, थकबाकी. आत लिहिलं:

रिटर्न क्वेरी सिलेक्ट सदनिका_क्र, नाव, थकबाकी फ्रॉम सभासद व्हेअर थकबाकी > किमान;

चालवल्यावर एरर. लिहिणारा चक्रावतो, कारण ‘डिक्लेअर’ विभाग तर रिकामा आहे. खरी गोष्ट अशी, की ‘रिटर्न्स टेबल’च्या कंसातली प्रत्येक गोष्ट फंक्शनच्या आत आपोआप व्हेरिएबल बनते. बाहेर जाणाऱ्या उत्तराचे रकाने आणि टेबलचे रकाने सारख्या नावाचे असणं अगदी स्वाभाविक आहे, म्हणूनच हा सापळा इतक्यांना लागतो. उपाय एका अक्षराचा: टेबलला ‘स’ असं टोपणनाव द्यायचं आणि स.सदनिका_क्र, स.नाव, स.थकबाकी असं लिहायचं.

मग लिहायचं कसं?

मांडवात “सुरेशच्या वहिनी” म्हटलं की कुठल्याच रिवाजाची गरज उरत नाही. तसंच इथे नावाआधी मालक लावायचा. कॉलमआधी टेबलचं नाव किंवा टोपणनाव आणि पॅरामीटरआधी फंक्शनचं नाव:

अपडेट सभासद सेट थकबाकी = ० व्हेअर सभासद.सदनिका_क्र = थकबाकी_माफ.सदनिका_क्र;

ओरॅकल आणि पोस्टग्रेस दोन्हीकडे हे चालतं. पोस्टग्रेसमध्ये एवढं ध्यानात ठेवा, की फंक्शनच्या नावाने फक्त पॅरामीटर आणि काही खास व्हेरिएबलं ओळखली जातात. ‘डिक्लेअर’मध्ये जाहीर केलेल्यांसाठी त्या ब्लॉकला (कोडच्या त्या तुकड्याला) स्वतःचं लेबल, म्हणजे नाव, द्यावं लागतं. मायएसक्यूएलमध्ये व्हेरिएबलला असा मालक लावता येत नाही, म्हणून तिथे कॉलमआधी टेबल लावायचं आणि व्हेरिएबलचं नावच वेगळं ठेवायचं.

मालक फक्त डावीकडे लावून भागत नाही. ‘सभासद.सदनिका_क्र = सदनिका_क्र’ असं लिहिलं तर ओरॅकल उजवीकडेही कॉलमच धरतो आणि सगळ्यांची थकबाकी पुन्हा शून्य. पोस्टग्रेस उजव्या नावाबद्दल तक्रार करतो. मायएसक्यूएलमध्ये तेवढ्याने काम होतं. अर्धवट खबरदारी एका डेटाबेसवर चालते, दुसरीकडे गेलं की फसते.

“नावाआधी पी_ किंवा व्ही_ लावलं की झालं ना?”

पॅरामीटरला पी_, व्हेरिएबलला व्ही_ ही पद्धत पुष्कळ कंपन्यांत आहे आणि ती चांगलीच आहे. डोळ्याला चटकन फरक दिसतो, हा तिचा मोठा फायदा. पण डेटाबेसला त्या पी_ चा काही अर्थ कळत नाही. कुणी पी_ ने सुरू होणारा कॉलम बनवला तर पुन्हा तेच. शिवाय ‘रिटर्न्स टेबल’मधली नावं वापरणाऱ्यांना बाहेर दिसतात, तिथे पी_ लावून यादी विद्रूप कोण करणार? म्हणून माझं मत असं: पी_ माणसासाठी लावा आणि मालकाचं नाव डेटाबेससाठी.

“आम्ही कॉलम कॅपिटल अक्षरांत लिहितो”

उपयोग नाही. अवतरण चिन्हात नसलेली नावं ओरॅकल सगळी मोठ्या लिपीत बदलून घेतो, पोस्टग्रेस लहान लिपीत, आणि मायएसक्यूएल कॉलमच्या नावांत लहान-मोठं बघतच नाही. माणसाला दोन वाटलेली नावं डेटाबेसला एकच असतात.

“टेस्टिंगमध्ये सापडेल की!”

टेस्टच्या टेबलमध्ये एकच सदनिका भरलेली असेल तर चुकीचं फंक्शनही बरोबर उत्तर देतं. ३०२ ची थकबाकी शून्य झाली का? झाली. टेस्ट पास. म्हणून टेस्टच्या टेबलमध्ये ज्यांना हात लागायला नको अशा नोंदीही हव्यात, आणि त्या तशाच राहिल्या हे तपासायला हवं.

आणखी एक पहारा फंक्शनच्या आतच बसवता येतो. किती नोंदी बदलल्या हे प्रत्येक डेटाबेस सांगतो: ओरॅकलमध्ये एसक्यूएल%रोकाउंट, पोस्टग्रेसमध्ये गेट डायग्नोस्टिक्स, मायएसक्यूएलमध्ये रो_काउंट(). एका सदनिकेच्या कामात आकडा एकाहून जास्त आला तर तिथेच एरर उठवायचा आणि सगळा व्यवहार मागे घ्यायचा. दोन-तीन ओळींचं हे काम आहे आणि पैशांना हात लावणाऱ्या प्रत्येक फंक्शनमध्ये ते असावं असं मला कळकळीने वाटतं.

“पोस्टग्रेसमध्ये एक सेटिंग आहे, त्याने एरर जातो”

आहे. व्हेरिएबल_कॉन्फ्लिक्ट नावाच्या त्या सेटिंगला तीन किंमती देता येतात: एरर, यूज_व्हेरिएबल आणि यूज_कॉलम. मूळ किंमत एरर. फंक्शनच्या सुरुवातीला एक ओळ लिहून ती तेवढ्या फंक्शनपुरती बदलता येते. शोधाशोध केली की हा सल्ला पटकन हाती लागतो, आणि एरर खरंच जातो. पण आपल्या थकबाकीच्या ओळीवर हे करून पाहा. यूज_कॉलम लावलं की ओरॅकलसारखं होतं, यूज_व्हेरिएबल लावलं की मायएसक्यूएलसारखं. दोन्हींत ४८ जणांची माफी. ज्या एररने हिशेब वाचवला होता तोच आपण बंद केलेला असतो.

या सेटिंगच्या योग्य जागा आहेत. ओरॅकलवरून शेकडो फंक्शनं पोस्टग्रेसवर आणायची असतील, आणि ती कॉलमच्या प्राधान्यावर विसंबून लिहिलेली असतील, तर यूज_कॉलम रास्त ठरतं. दुसरी जागा ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ची. नोंद आधीच असेल तर अपडेट कर, असं सांगणाऱ्या इन्सर्टमध्ये कंसात कॉलमचं नाव द्यावं लागतं आणि तिथे टेबलचं नाव जोडताच येत नाही. ‘रिटर्न्स टेबल’मध्ये तेच नाव असेल तर माणूस कोंडीत सापडतो. तिथेसुद्धा मी आधी ‘ऑन कन्स्ट्रेंट’ लिहून बंधनाचं नाव देईन, किंवा बाहेर जाणाऱ्या रकान्याचं नाव बदलेन. तेही शक्य नसेल तरच त्या एका फंक्शनला यूज_कॉलम, आणि त्यातल्या बाकी प्रत्येक नावाला मालक.

आधीच लिहून ठेवलेल्या फंक्शनांचं काय?

सगळा कोड हाताने वाचायची गरज नाही. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोघांकडेही इन्फर्मेशन_स्कीमामध्ये पॅरामीटर्स आणि कॉलम्स अशा दोन याद्या असतात. पॅरामीटरचं नाव बरोबर कॉलमचं नाव या अटीवर त्या जोडल्या की संशयित फंक्शनांची यादी एका क्वेरीत समोर येते. ओरॅकलमध्ये हेच काम यूजर_आर्ग्युमेंट्स आणि यूजर_टॅब_कॉलम्स या दोन याद्यांवर होतं. त्या यादीतली डिलीट आणि अपडेट करणारी फंक्शनं आधी उघडायची, नुसती वाचणारी नंतर.

या याद्यांत ‘डिक्लेअर’मधली व्हेरिएबलं येत नाहीत. पोस्टग्रेससाठी पीएलपीजीएसक्यूएल_चेक नावाचं एक्स्टेन्शन आहे. ते फंक्शन न चालवता आतल्या प्रत्येक क्वेरीतली नावं तपासतं, म्हणजे मार्चअखेरीची ती फांदीही आजच तपासून होते. ओरॅकलमध्ये ११जी आवृत्तीपासून पीएल/स्कोप आहे. ते सुरू ठेवून फंक्शनं पुन्हा कंपाइल केली की आत जाहीर झालेल्या प्रत्येक व्हेरिएबलची नोंद मिळते आणि तीही कॉलमांच्या यादीशी ताडून पाहता येते. मायएसक्यूएलमध्ये असं आयतं साधन हाताशी नसेल तर रूटिन्सच्या यादीतून फंक्शनचा मजकूर काढून त्यातल्या ‘डिक्लेअर’च्या ओळी स्वतः वाचाव्या लागतात.